दहा दिवस चौकीत राहिलेली बाटली

वकिलाच्या घरात दोन गोष्टी न बोलावता साठतात. एक कज्ज्यांची बंडलं आणि दुसरे किस्से. बंडलांना वाळवी लागते, मग सूनबाई ती माळ्यावरून काढून बंबात घालतात आणि जागा मोकळी होते. किश्शांना मात्र काही म्हणजे काही लागत नाही! संध्याकाळी तुम्ही चार टाळकी गॅलरीत जमता, कोणीतरी सुस्कारा टाकून म्हणतं, "अप्पा, हल्लीची कॉलेजातली पोरं फार बिघडली हो," आणि मला हसू आवरत नाही. हल्लीची म्हणे! अहो, आम्ही प्लेगच्या आधी बिघडलो होतो. पोलीस कोर्टापर्यंत गेलो होतो. आता विषय काढलाच आहे तर ऐका, आणि मधे कोणी उठून जाऊ नका.

* * *

गिरगावात एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, आम्ही तिघे एका खोलीत राहायचो. मी, बाळा फणसे आणि दाजी जोशी. तिघेही बी.ए.च्या वर्गात. बाळा पेणचा, मी अलिबागकडला आणि दाजी राजापूरच्या पलीकडच्या एका खेड्यातल्या ज्योतिषाचा मुलगा. दाजी अंगानं काडी, मिशीचा पत्ता नाही, पण आवाज असा की खालच्या मजल्यावरचं तान्हं मूल दचकून उठायचं.

दाजीला दर महिन्याला एक नवा सिद्धांत सापडे. त्या महिन्याचा सिद्धांत असा, की इंग्रज आपल्यावर राज्य करतात कारण इंग्रज पितात. पिण्यानं माणूस धीट होतो, धीट माणूस समुद्र ओलांडतो आणि समुद्र ओलांडला की राज्य मिळतं. बाळानं विचारलं, मग आपल्या चाळीखाली गटाराशी जो रोज पडलेला असतो त्याला राज्य का मिळालं नाही? दाजी म्हणाला, तो नियमाला अपवाद. दाजीच्या नियमांना अपवाद भरपूर असायचे.

आता प्यायचं कुठे? गिरगावात तर शक्यच नव्हतं. गिरगावात तुम्ही पानाच्या गादीवर उभे राहिलात तरी मागून कोणाचा तरी मावसकाका विचारतो, "काय रे, परीक्षा जवळ आली ना?" तेव्हा ठरलं की दादरला जायचं. तेव्हाचं दादर म्हणजे वाड्या, विहिरी आणि माडच माड. तिथे भिकूशेट भंडाऱ्याचं ताडीचं दुकान होतं. पहाटे उठून चालत जायचं, प्यायचं, आणि अकराच्या लेक्चरला परत. विचारलं कोणी तर सांगायचं, व्यायामाला जातो.

* * *

पहिल्या दिवशी भिकूशेटनं आम्हांला खालपासून वरपर्यंत पाहिलं. सूर्य उगवायचा होता, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. माणूस पन्नाशीचा, छातीवर पांढरे केस, कमरेला कोयता. त्यानं शांतपणे विचारलं, "वयं काय तुमची?"

बाळा आणि मी एकमेकांकडे बघायला लागलो. दाजी पुढे झाला आणि म्हणाला, "आम्ही बी.ए.ला आहोत."

भिकूशेट आत गेला आणि एक मडकं घेऊन आला. गारेगार, गोड, किंचित चुन्याचा वास. आम्ही दोन दोन गडवे रिचवले. परतीच्या वाटेवर एकेकाला चढली ती काय सांगू! बाळा परळपर्यंत रडत आला. त्याला लहानपणी मेलेली आत्या आठवली, आणि ती जिवंत असताना त्याला मुळीच आवडत नसे. मला सरळ चालवेना, म्हणून मी वाड्यांची कुंपणं धरून चाललो आणि हातात काटे भरले. दाजी एका म्हशीसमोर उभा राहून अर्धा तास लोकसत्ताक राज्यावर बोलला. म्हशीनं सगळं ऐकून घेतलं, असं तो पुढे अभिमानानं सांगायचा.

महिनाभर हे चाललं. आमची खानावळ चालवणाऱ्या गंगाबाई फार तिखट बाई. वास येऊ नये म्हणून आम्ही येताना मूठ मूठ वेलदोडे चावायचो. एक दिवस वाढता वाढता त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "व्यायाम करून येता की वेलदोड्यांची गोणी उतरवून येता?" त्या दिवशी आम्ही खाली मान घालून जेवलो. दाजीनं तर दुसऱ्यांदा भातसुद्धा मागितला नाही.

* * *

मग एका सकाळी तो प्रकार झाला. आठवला की अजून माझे कान तापतात.

त्या दिवशी दाजीनं पिऊन वर एक भरलेली बाटली घरी न्यायला घेतली होती. रस्त्याला लागतो न लागतो तोच समोरून पोलीस हवालदार आला. त्याचं नाव सावंत. मालवणकडचा, मिशा पिकलेल्या, चालणं सावकाश. त्यानं आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पण दाजीला त्या दिवशी म्हैस मिळाली नव्हती! तो हवालदारापुढे उभा राहिला आणि त्यानं व्याख्यान सुरू केलं. सावंत म्हणाला, "घराक जा रे झिला." दाजी गेला नाही. त्यानं हात उंच करून हवालदाराचं पागोटं उचललं, आपल्या डोक्यावर ठेवलं आणि हुकूम सोडला, "हवालदार, तुमची बदली अंदमानला!"

वाडीतल्या बाया विहिरीवर पाणी भरत होत्या, त्या फिदीफिदी हसल्या. त्या हसल्या नसत्या तर सावंतानं बहुतेक सोडून दिलं असतं.

बाळा पळाला. मी माडाआड उभा राहिलो. माड केवढा आणि मी केवढा, पण राहिलो खरा. मित्राला दंडाला धरून नेत होते आणि मी श्वास रोखून उभा होतो, याची मला आजही लाज वाटते. तुम्ही हसा खुशाल.

चौकीत दाजीनं आणखी कहर केला. दुसरा कोणी असता तर नाव गणू, बापाचं नाव पांडू, असं काहीतरी सांगून मोकळा झाला असता. पण शिकलेल्या माणसाला कोण काय करणार, ही दाजीची खात्री! त्यानं आपलं नाव, वडलांचं नाव, गाव, कॉलेज, वर्ग आणि ऑनर्सचा विषय, सगळं सावकाश स्पेलिंगसकट सांगितलं. सावंतानं सगळं लिहून घेतलं. बाटलीला बूच मारून, वर लाख लावून, तीही ठेवून घेतली. मुद्देमाल!

* * *

माझे मामा पोलीस कोर्टात वकिली करायचे. त्यांनी दाजीला जामिनावर सोडवून आणलं आणि खोलीत आम्हां तिघांना ओळीनं बसवलं. मामांना ओरडायची सवय नव्हती. ते हळू बोलायचे आणि त्याचीच जास्त भीती वाटायची.

त्यांनी सांगितलं ते असं. भररस्त्यात दारू पिऊन दंगा केल्याचा खटला होणार. शिक्षा म्हणाल तर किरकोळ, दंडाची. पण कोर्टात गुन्हा शाबीत झाला की त्याची खबर कॉलेजात जाणार, आणि आमच्या प्रिन्सिपॉल साहेबांचा नियम सगळ्यांना ठाऊक होता. कोर्टात शिक्षा झालेल्या मुलाचं नाव पटावरून कमी. मग चांगल्या वर्तणुकीचं सर्टिफिकेट नाही. सर्टिफिकेट नाही तर बी.ए.ला बसता येत नाही. परीक्षा दीड महिन्यावर होती.

दाजीचं तोंड एवढंसं झालं. त्याच्या गावात तोवर मॅट्रिकसुद्धा कोणी झालं नव्हतं. वडलांनी भिक्षुकी करून, पत्रिका मांडून त्याला शिकवलं होतं. आईनं दर परीक्षेला उपास धरला होता. हे सगळं त्याला त्या क्षणी आठवलं असावं, कारण तो प्रथमच गप्प बसला.

मामा म्हणाले, एक वाट आहे. दाजी अठरा वर्षांच्या आतला ठरला तर कायद्यानं तो अज्ञान. अज्ञान पोराला दारू विकायची नाही, ही दुकानदाराच्या परवान्यातली अट. म्हणजे दोष दुकानदाराचा, आणि पोराला साहेब समज देऊन बापाच्या हवाली करील. शिक्षा नाही, शाबिती नाही. "तुझं वय किती?"

दाजी म्हणाला, "वडलांना विचारावं लागेल."

बी.ए.च्या वर्गातला मुलगा, आणि स्वतःचं वय वडलांना विचारणार! मामांनी कपाळाला हात लावला आणि राजापूरला तार केली.

* * *

तारेनं गावात रडारड झाली म्हणे. तोवर त्या गावात तार फक्त कोणी मेल्याचीच आली होती. धोंडभट जोशी आगबोटीनं आले. पंचा, उपरणं, हातात पत्रिकेची गुंडाळी. बंदरावर उतरून ते चालत आमच्या खोलीवर आले, दाजीला डोळे भरून पाहिलं, आणि म्हणाले, "जिवंत आहेस ना? मग बाकीचं बघू." एक शब्द रागाचा बोलले नाहीत. दाजी भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

मामांनी पत्रिका उलगडायला सांगितली. वीतभर रुंद आणि ही लांब! ती आमच्या खोलीत मावेना, एक टोक गॅलरीत गेलं. धोंडभटांनी बोट ठेवून तिथी, वार, नक्षत्र वाचलं. मामांनी हिशेब केला आणि त्यांचा चेहरा उजळला. दाजी सतरा वर्षांचा होता. अज्ञान! सुटला!

"पण," धोंडभट म्हणाले.

मॅट्रिकला बसायला सोळा वर्षं पुरी लागत. दाजी हुशार, चौदाव्या वर्षीच तयार झाला. मास्तर म्हणाले, दोन वर्षं फुकट कशाला घालवता? तेव्हा धोंडभटांनी फॉर्मावर स्वतःच्या हातानं दोन वर्षं वाढवून लिहिली होती.

मामांनी विचारलं, "अहो जोशीबुवा, मग मुलगा सतरा का एकोणीस?"

"ग्रहांच्या हिशेबानं सतरा," धोंडभट म्हणाले, "आणि युनिव्हर्सिटीच्या हिशेबानं एकोणीस."

आता आली का पंचाईत? पत्रिका कोर्टात दाखवावी तर मॅट्रिकच खोटी ठरणार, मग बी.ए. कुठली! न दाखवावी तर एकोणीस वर्षांचा सज्ञान दारुडा म्हणून शिक्षा होणार, तरी बी.ए. जाणारच. बाळा हळूच म्हणाला, "कोर्टात पोर आणि कॉलेजात थोर, असं नाही का चालणार?" मामांनी त्याला पाणी आणायला पाठवलं.

धोंडभट पत्रिका गुंडाळत होते. गुंडाळता गुंडाळता म्हणाले, "जन्मात एकदाच खोटं लिहिलं हो वकीलसाहेब. त्यात पोराचं भलं होतं असं वाटलं." मला तिथे बसवेना, मीही पाणी आणायला गेलो.

* * *

दुसऱ्या दिवशी मामा मला घेऊन भिकूशेटकडे गेले. खटल्यात तोही ओढला जाणार होता, तेव्हा तो काय सांगतो ते पाहायचं होतं. दुपारची वेळ, दुकानात आठदहा गिरणीवाले बसलेले. मामांनी त्याला बाजूला घेतलं आणि सरळ विचारलं, तुम्ही या पोरांना ताडी का विकलीत?

भिकूशेटनं माझ्याकडे पाहिलं आणि तो हसायला लागला. हसता हसता त्याला ठसका लागला.

"वकीलसायेब, ताडी कोणी दिली ह्यांना? नीरा दिली, नीरा! चुना लावलेल्या मडक्यातली, सूर्य उगवायच्या आधीची. तान्ह्या पोराला पाजली तरी काय होत नाय."

मामांना आधी खरं वाटेना. भिकूशेट म्हणाला, कॉलेजातली पोरं वर्षाला दोनचार टोळकी येतात. हाकलून दिली तर दुसरीकडे जाऊन खरी पितात. म्हणून तो त्यांना नीरा देतो. "एक तर परवान्याची अट. आणि तुमच्या आयांचे तळतळाट कोण घेणार? चार दिवस झिंगल्यासारखं करतात नि परीक्षा आली की येयाचे बंद होतात."

झिंगल्यासारखं करतात! माझ्या हातातले काटे अजून निघाले नव्हते हो. एक महिना आम्ही नीरा पिऊन कुंपणं धरत होतो, आत्यांसाठी रडत होतो.

मामा भलतेच खूश झाले. दारूच नाही तर दारूबाजीचा खटला कसला! वयाचा प्रश्नच उद्भवत नाही. पण भिकूशेट गंभीर झाला. तो म्हणाला, कोर्टात सांगीन, पण हे लोक पाहिलेत ना? त्यानं गिरणीवाल्यांकडे मान केली. भिकू ताडी म्हणून नीरा देतो असं एकदा का बाहेर पडलं, की उद्यापासून इथे कुत्रं फिरकायचं नाही. थोडा वेळ त्यानं कोयत्याच्या धारेवरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "जाऊ दे. सांगीन."

खोलीवर येऊन मामांनी दाजीला ही आनंदाची बातमी दिली. दाजी लाल झाला. म्हणाला, शक्य नाही, मला चढली होती. मामांनी समजावलं, नीरा चढत नाही. दाजी म्हणाला, "मला विचारा ना! प्यालो होतो मी, भिकूशेट नाही." बी.ए. जायची वेळ आली होती आणि याला आपल्या झिंगण्याचा अपमान सहन होईना! शेवटी मामांनी विचारलं, "तुला बी.ए. व्हायचंय की दारुडा?"

दाजीनं विचार करायला एक दिवस मागून घेतला. खरं सांगतो, एक दिवस मागितला!

* * *

कोर्टाच्या दिवशी व्हरांड्यात बाकं कमी आणि माणसं फार. धोंडभट जिथे बसले त्याच बाकावर हवालदार सावंत येऊन बसला. त्याच्या मांडीवर ती बाटली, फडक्यात गुंडाळलेली. मी पलीकडे उभा होतो.

सावंताला ठाऊक होतं हा पोराचा बाप. धोंडभटांनाही ठाऊक होतं हा कोण. पण कोकणची माणसं बसली की व्हायचं तेच झालं. यंदा आंबा कसा, पेजेला तांदूळ पुरतात का, अशा गोष्टी निघाल्या. ज्योतिषी म्हटल्यावर सावंतानं हळूच हात पुढे केला. बावीस वर्षं नोकरी झाली होती. औंदा त्याचं नाव जमादारीच्या बढतीसाठी वर गेलं होतं. त्यानं विचारलं, "जमादारी नशिबात आसा काय, भटजीनू?"

मी मनातल्या मनात धोंडभटांना म्हटलं, हो म्हणा! काय जातंय? चार गोड शब्द बोला, हा माणूस आत जाऊन तुमच्या पोराविरुद्ध साक्ष देणार आहे. जमादारच काय, सुपरिंटेंडेंट होशील म्हणून सांगा!

धोंडभटांनी हात उजेडाकडे धरला. बराच वेळ पाहिला. मग तो अलगद मिटून परत दिला आणि म्हणाले, "दिसत नाही हो. खोटं कशाला सांगू?"

सावंतानं बाटलीचं फडकं पुन्हा नीट गुंडाळलं. आतून पुकारा झाला.

* * *

मॅजिस्ट्रेट गोरा होता. मराठी त्याला समजायचं, पण तसं तो दाखवायचा नाही. दुभाष्या सांगेपर्यंत खिडकीबाहेर बघत बसायचा. पोलिसांच्या बाजूनं एक इन्स्पेक्टर उभा होता, फार कडक. त्यानं सावंताची साक्ष घेतली आणि लगेच सरकारी तपासणीचा रिपोर्ट वाचून दाखवला. बाटलीत दारूचा अंश भरपूर.

मामांनी भिकूशेटला उभं केलं. भिकूशेटनं ईश्वराला स्मरून सांगितलं की मी नीरा दिली. कोर्टात मागे उभी असलेली त्याची चार गिऱ्हाइकं एकमेकांकडे बघायला लागली, ते भिकूशेटनं पाहिलं, पण शब्द फिरवला नाही. इन्स्पेक्टर हसला. म्हणाला, दुकानदार स्वतःचा परवाना वाचवायला दुसरं काय सांगणार? रिपोर्ट खोटा का?

मग साहेबानं दाजीला विचारलं, तू नशेत होतास का? दाजी उभा राहिला. एवढा आवाजी पोरगा, पण त्या दिवशी पुढच्या बाकालासुद्धा कष्टानं ऐकू गेलं.

"साहेब, तेव्हा होतो. आता कळलं, की नव्हतो."

साहेबाला हे दुभाष्याकडून दोनदा ऐकावं लागलं. कोर्टात खसखस पिकली. पण मामा हसले नाहीत, कारण पारडं फिरलं नव्हतं. नीरा ठेवली की आंबते, आंबली की तिची ताडी होते, हे त्यांनी सांगितलं. साहेब म्हणाला, होत असेल. पण जप्त केली त्या सकाळी ती काय होती, हे मला कोण सांगणार? दुकानदार स्वार्थी, आरोपीला स्वतःलाच माहीत नाही. तिसरं कोणी आहे का?

तिसरं कोणी नव्हतं. धोंडभट मागच्या बाकावर उठून उभे राहिले. त्यांनी काखेतली पत्रिकेची गुंडाळी हातात घेतली. माझ्या लक्षात आलं की हे आता पुढे येऊन खरं वय सांगणार आणि मॅट्रिकवर पाणी सोडणार. निदान पोराच्या नावाला दारूचा डाग तरी लागणार नाही, असं त्यांनी ठरवलं असावं. मामांनी त्यांना हातानंच थांबवलं आणि हवालदार सावंताला उलटतपासणीसाठी पुन्हा बोलावलं. पुढे मामांनी मला सांगितलं की त्यांच्यापाशी विचारायला काही उरलं नव्हतं, नुसता वेळ काढायचा होता.

सावंत पिंजऱ्यात उभा राहिला. बाटली टेबलावर. मामांनी ती उचलून उजेडात धरली. निम्म्याहून खाली होती.

मामांनी विचारलं, डायरीत 'भरलेली बाटली' असं लिहिलंय, ते बरोबर का? बरोबर, सावंत म्हणाला. मग उरलेली कुठे गेली? इन्स्पेक्टरच उठून म्हणाला, तपासणीला नमुना पाठवला होता. मामांनी विचारलं, नमुना अर्धी बाटली लागतो का? इन्स्पेक्टर म्हणाला, आरोपीच्या वकिलांनी मुद्द्याचं बोलावं.

मामा म्हणाले बरं. लाखेचं सील किती वेळा लावलंत? सावंत म्हणाला, चार वेळा. का? बूच उडायचं, साहेब. डायरीत एकदाच लावल्याचं लिहिलंय. होय, साहेब.

इन्स्पेक्टरनं सावंताकडे असं पाहिलं की दुसरा कोणी तिथेच बसला असता. मामांनी बाटली खाली ठेवली आणि उगाच, दुसरं काही सुचेना म्हणून, विचारलं, "हवालदार, या बाटलीत त्या सकाळी ताडी होती की नीरा, हे तुम्ही शपथेवर सांगू शकता का?"

त्यानं नाही म्हटलं की आमचं संपलं, रिपोर्टच खरा ठरणार. इन्स्पेक्टर कागद गोळा करायलाही लागला होता. सावंतानं मागच्या बाकाकडे पाहिलं. धोंडभट अजून उभेच होते, हातात पत्रिका. सावंतानं डोक्यावरचं पागोटं नीट बसवलं.

"नीरा होती," तो म्हणाला.

साहेबानं खिडकीबाहेरची नजर आत आणली. दुभाष्यानं तोंड उघडलं, पण साहेबानं त्याला हात केला आणि स्वतःच, स्वच्छ मराठीत विचारलं, "ते तुम्हाला कसं कळलं, हवालदार?"

बावीस वर्षं नोकरी झालेला तो माणूस पिंजऱ्याच्या कठड्याला दोन्ही हातांनी धरून सरळ उभा राहिला.

"पयल्या दिसा गोड होती, सायबानू," सावंत म्हणाला. "दुसऱ्या दिसा आंबूस लागली. तिसऱ्या दिसापासून चढूक लागली."